वायर हलू देऊ नकोस

कचेरीतून घरी यावं, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसावं, पाय कठड्याला टेकावेत आणि चहा गरम आहे तोवर प्यावा, एवढी एकच इच्छा भाऊच्या मनात त्या दिवसांत शिल्लक होती. बाकीच्या इच्छा वय वाढत गेलं तशा एकेक करून निवृत्त झाल्या होत्या. बढतीची गेली, स्वतःच्या गाडीची गेली, डोक्यावर पुन्हा केस येण्याची तर फार आधीच गेली. ही एक तेवढी टिकून होती आणि नेमकी हीच पुरी होत नव्हती. कारण संध्याकाळी बाबांना चालवायचं असे.

बाबा दिवा बदलताना स्टुलावरून पडले होते. दिवा बदलायला चढू नका, असं त्यांना घरातल्या प्रत्येकाने बजावलं होतं. म्हणूनच ते चढले होते. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. आता प्रश्न पायाचा होता. त्यासाठी घरी एक व्यायामाच्या बाई येत. बाई बोलायला गोड आणि हाताला दणकट. त्यांनी बाबांना समोर बसवून सांगितलं, "आजोबा, हाड डॉक्टरांनी जोडलं, पाय आता तुम्हाला सुटा करायचाय. रोज संध्याकाळी खाली अंगणात उतरायचं, लिफ्टपासून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. काठी पुरे, धरायला माणूस नको. महिनाअखेरीला मी बघणार. तोवर पाय मोकळा झाला नाही तर तो आखडून बसेल. मग खुर्ची. कायमची."

बाबांनी मान डोलावली. मान डोलवायला खुबा लागत नाही.

'धरायला माणूस नको' हे शब्द भाऊने नीट ऐकले होते. बाबांनी ते ऐकलेच नव्हते. सोबत कुणी असल्याशिवाय ते लिफ्टचं बटणही दाबू देत नसत. मग कचेरीतून आलेला भाऊ पिशवी टाकून, चहाकडे एकदा डोळे भरून बघून, खाली उतरे. बाबा दोन पावलं टाकत आणि थांबत. भिंतीचा रंग बघत. हा रंग कुणी निवडला हे विचारत. कुणी निवडला हे भाऊने सांगितलं की त्या माणसाच्या वडिलांची माहिती देत. पुन्हा दोन पावलं. अर्ध्या अंगणात आले की म्हणत, "बास. उद्या बघू." आणि एक दिवस तर त्यांनी खाली उतरायलाच नकार दिला.

"नुसतं काय चालायचं? मी काय घड्याळाचा काटा आहे?"

"मग काय करत चालायचं, बाबा?" भाऊने विचारलं. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्याचा आवाज असाही संध्याकाळी खाली बसलेला असे.

"गाणी असती तर गोष्ट वेगळी होती," बाबा म्हणाले. "आपली गाणी."

आपली गाणी म्हणजे काय, हे सांगायला हवं. भाऊ लहान असताना घरात एक रेडिओ होता. बाबा त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घेत. रेडिओला स्टेशन लागे, पण टिकत नसे. त्याच्या मागून निघालेल्या वायरचं टोक खिडकीपाशी कुणीतरी उंच धरून उभं राहिलं तरच आवाज स्वच्छ येई. हे कुणीतरी म्हणजे भाऊ. ताईला हे काम मिळत नसे, कारण तिला हसू येई आणि हसलं की वायर हले. भाऊ हसरा नव्हता. तो स्टुलावर चढून, हात वर करून, खिडकीत उभा राही आणि बाबा बोट ओठांवर ठेवून टेपरेकॉर्डरपाशी बसत. अशा पद्धतीने भरलेल्या कॅसेटमध्ये गाण्याबरोबर सगळं घरच भरलं जाई: दार, भांडी, शेजारचं खोकणं, आई. पुढे जावईबापूंनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, नव्या लग्नाच्या उत्साहात त्या सगळ्या कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. मग टेपरेकॉर्डर टाकून दिला, कॅसेट टाकून दिल्या आणि गाणी कॉम्प्युटरमध्ये सुखरूप राहिली. इतकी सुखरूप की त्यानंतर ती कुणी ऐकलीच नाहीत.

मोबाईलवर बाबांचा विश्वास नव्हता. गाणं ऐकता ऐकता बोट लागलं आणि पलीकडून माणूस बोलू लागला, असा अनुभव त्यांनी घेतला होता. तेव्हा भाऊच्या बायकोने तोडगा काढला. "अहो, तो छोटा प्लेअर मिळतो ना, नुसती गाणी वाजवणारा? तो आणा. बाबा कानात घालतील, आपले आपण चालतील, आणि तुम्ही बसा खुर्चीत."

'तुम्ही बसा खुर्चीत' हे ऐकून भाऊला बऱ्याच वर्षांनी बायकोबद्दल प्रेम दाटून आलं.

प्लेअर आला. काडेपेटीएवढा, चकचकीत. सोबतच्या पुस्तिकेत जगातल्या सगळ्या भाषा होत्या, भाऊला येणाऱ्या सोडून. बाबांनी तो तळहातावर घेऊन पाहिला आणि विचारलं, "एवढ्याशात गाणी राहतील कुठे?" आई म्हणाली, "तुम्ही आधी चाला, मग गाण्यांच्या जागेची काळजी करा."

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात होता. त्याच्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन होतं, आच्छादनावर इस्त्री, आणि इस्त्रीवर, तिला धूळ लागू नये म्हणून, आणखी एक आच्छादन. हे सगळं उतरवल्यावर भाऊने बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पेटीतून, झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज आला, पडदा उजळला, आणि कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला.

पासवर्ड जावईबापूंनी ठेवला होता. भाऊने फोन केला. जावईबापूंनी आधी प्लेअर कुठला घेतलात हे विचारलं, मग तो घ्यायला नको होता हे सांगितलं, मग आपल्याला आधी विचारलं असतं तर आपण कुठला सुचवला असता यावर बरंच बोलले. पासवर्ड मात्र त्यांना आठवेना. "काहीतरी साधंच असेल हो," ते म्हणाले. भाऊने बाबांचं नाव घालून पाहिलं, आईचं पाहिलं, ताईचं पाहिलं. शेवटी निघालं ते जावईबापूंचं स्वतःचं नाव, आणि त्याच्यापुढे 'हुशार'. भाऊने ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही. माणसाने काही गोष्टी मेहुण्याविरुद्ध राखून ठेवाव्यात.

पडद्यावर डाव्या कोपऱ्यात पिवळं पाकीट होतं आणि त्याखाली लिहिलेलं होतं: बाबांची गाणी. भाऊने प्लेअर वायरने जोडला, पाकीट उचलून प्लेअरमध्ये नेऊन सोडलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम फत्ते झालं. भाऊ मागे रेलला. लोक उगाच घाबरतात या यंत्रांना. बायकोला हाक मारून तो म्हणाला, "झालं."

"एवढ्यात?"

"त्यात काय आहे? समजून केलं की होतं."

त्या संध्याकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले. बातमी इमारतभर गेली होती. गॅलऱ्यांत माणसं होती. भाऊने बाबांच्या उजव्या कानात इअरफोनचं बोंडूक बसवलं. डावा कान केव्हाच कामातून गेलेला होता. मग त्याने बटण दाबलं. बाबांनी डोळे मिटले. सगळं अंगण शांत झालं. बराच वेळ गेल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सुरुवातीचं संगीत फार हळू आहे का?"

काहीच वाजत नव्हतं. भाऊने बटण पुन्हा दाबलं. दाबून धरलं. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी गॅलरीतून सल्ला दिला, "झटका एकदा. आमचा पंखा तसाच चालू होतो." भाऊने झटकला. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी 'फुंकर मारा' म्हणालं. भाऊने फुंकरही मारली. इमारतीसमोर उभं राहून काडेपेटीएवढ्या वस्तूवर फुंकर मारणाऱ्या माणसाची अब्रू किती शिल्लक राहते, याचा हिशेब त्याने मनातल्या मनात करायचं टाळलं.

वरचे इंजिनीअर खाली आले. त्यांची सगळी नोकरी गटारं बांधण्यात गेली होती, पण इंजिनीअर हा शब्द इमारतीत सर्व रोगांवर चालत असे. त्यांनी भाऊच्या घरी बसून प्लेअर आपल्या लॅपटॉपला लावला आणि हसले. ते हसणं भाऊला फार दिवस आठवत राहिलं.

"अहो भाऊ, तुम्ही गाणी नेलीच नाहीत. पडद्यावर जे असतं ते गाण्यांकडे जायचं दार नुसतं. तुम्ही घरातलं सामान हलवायचं म्हणून घराचा पत्ता लिहिलेला कागद ट्रकमध्ये टाकलात आणि ट्रक रवाना केलात."

"समजून केलं की होतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती कुणाशी बोलत होती ते स्पष्ट झालं नाही.

इंजिनीअर उदार होते. "तो कॉम्प्युटरचा डबा आता विसरा," ते म्हणाले. "हीच गाणी मी तुम्हाला इंटरनेटवरून उतरवून देतो. स्वच्छ! एक खरखर नाही." आणि दिलीसुद्धा. दुसऱ्या संध्याकाळी अंगणात, इंजिनीअरांच्या देखत, प्लेअर खरोखरच वाजला. बाबा ताठ उभे राहिले, काठी टेकत निघाले आणि चक्क न थांबता भिंतीच्या वादग्रस्त रंगापर्यंत गेले. भाऊने वर पाहिलं. गॅलरीत त्याची खुर्ची दिसत होती. तो लिफ्टकडे वळणार तोच मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"हे कोण गातंय?" बाबांनी विचारलं.

"तेच आहेत बाबा. तुमचेच आवडते."

"मग पाणी कसं आलं नाही?"

"कुठलं पाणी?"

"पहिलं कडवं झालं की पाणी येतं. तुझी आई ओरडते. मग दुसरं कडवं." बाबांनी बोंडूक कानातून काढून इंजिनीअरांच्या हातात ठेवलं. "गाणं चांगलं आहे हो. पण आपलं नाही."

इंजिनीअरांचा चेहरा पडला. "अहो काका, हा मूळ आवाज आहे. शुद्ध!"

"असेल. मला आमचाच हवा."

बाबा परत फिरले, लिफ्टमध्ये शिरले आणि त्यानंतर तीन-चार दिवस खाली उतरले नाहीत. व्यायामाच्या बाई येऊन गेल्या. त्यांनी पाय वाकवून पाहिला, बाबा कळवळले. जाताना दारात त्या भाऊला हळूच म्हणाल्या, "आजोबांनी चालायचं नाही असा हट्ट धरला तर पाय त्यांचं ऐकेल. पाय वाईट तेवढं लगेच ऐकतो." भाऊला खुर्ची आठवली, पण यावेळी गॅलरीतली नव्हे. चाकं असलेली. तिच्यात बसलेले बाबा खिडकीतून फाटकाकडे बघतायत असं त्याला दिसलं.

तेव्हा खरी गाणी काढणं भाग होतं. पण कॉम्प्युटरची जी खाच वायर घेते ती सैल झाली होती. शेजारून कुणी चालत गेलं तरी कॉम्प्युटर म्हणे, उपकरण जोडलं. लगेच म्हणे, उपकरण निघालं. अर्धं गाणं जाई आणि आत अडके. इंजिनीअर पेटी उघडू म्हणाले, पण आई आडवी आली. "गटारं उघडलीत तेवढी पुरेत," ती म्हणाली. इंजिनीअर त्यानंतर काही दिवस जिन्यात भेटले की छताकडे बघत.

मग भाऊला कचेरीतला सिस्टीमवाला आठवला.

भाऊची कचेरी पाणीपुरवठ्याची. भाऊ तिथे तक्रारींच्या खिडकीवर. पाणी आलं नाही असं म्हणणाऱ्या माणसाला ते का आलं नाही हे न सांगता परत पाठवणं, हे त्याचं काम. सिस्टीमवाला मागच्या गार खोलीत स्वेटर घालून बसे आणि कुणी काही विचारलं की आधी "बंद करून चालू करून पाहिलंत का?" असं विचारी. भाऊने पेटी आच्छादनात गुंडाळली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन निघाला. शेजारच्या बाईंनी आदराने जागा दिली. आत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, पण गुंडाळण्याच्या पद्धतीवरून त्यांचा काहीतरी दुःखद समज झालेला दिसला.

सिस्टीमवाल्याने खाचेत डोकावून पाहिलं, टिचकी मारली आणि म्हणाला, "आधी आत गाणी आहेत का ते बघू. नाहीतर खाच नीट करायची आणि आत काही नाही." हे भाऊला पटलं. त्या खोलीत आवाज ऐकायला एकच सोय होती. बाहेरच्या दालनात रांगेचे नंबर पुकारायचा कर्णा. सिस्टीमवाल्याने कर्ण्याची वायर काढून पेटीला जोडली आणि पहिलं गाणं लावलं.

बाहेर त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. दोन दिवस शहराच्या अर्ध्या भागात पाणी नव्हतं. लोक घामाघूम होऊन उभे होते. एकाएकी कर्ण्यातून सूर निघाले. खरखरीत, जुने, पण गोड. रांग चकित झाली. एका आजोबांनी टोपी काढून वारा घेणं थांबवलं. पहिलं कडवं संपलं, आणि सरकारी कर्ण्यातून एक खणखणीत आवाज आला:

"पाणी आलं! अहो, पाणी आलं! सोडा ते आता, बादल्या लावा आधी!"

मग रांगेतल्या एका बाईंनी पिशवी काखेला मारली आणि धावत सुटल्या. त्यांच्यामागे सगळी रांग. दारात चेंगराचेंगरी झाली. दोघेजण रस्त्यातूनच घरी फोन करून ओरडू लागले, "नळ उघड! कचेरीने सांगितलंय!" पाचेक मिनिटांत दालन रिकामं झालं. कचेरीच्या इतिहासात तक्रारींचा एवढा झटपट निपटारा कधी झाला नव्हता, पण याचं श्रेय भाऊला कुणी दिलं नाही. त्याला मोठ्या साहेबांनी आत बोलावलं.

"पाणी आल्याचं कुणी जाहीर केलं?"

"आईने, साहेब."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"त्या कुठल्या विभागात आहेत?"

"घरी असतात, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग त्यांना आपल्याआधी कसं कळलं?"

"ते आजचं पाणी नाही, साहेब. जुनं आहे. मी तिसरीत असताना आलेलं."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. तोवर बाहेर फोन वाजू लागले होते. बादल्या लावून बसलेला अर्धा गाव कचेरीला फोन करत होता, आणि कचेरीत येणारे सगळे फोन शेवटी भाऊच्या टेबलावर येत. तो संध्याकाळपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला: "नाही हो, ती घोषणा नव्हती, ते गाणं होतं." हे वाक्य जितक्या वेळा बोलावं तितकं ते वेड्यासारखं वाटतं. मधल्या वेळात साहेबांचा लेखी खुलासा मागणारा कागद आला. सिस्टीमवाल्याने पेटी परत दिली आणि खाचेबद्दल म्हणाला, "सुटा भाग मिळत नाही आता. वायर आत घाला आणि हाताने धरून ठेवा. हलू देऊ नका. सगळं जाईपर्यंत धरायची." त्याने एवढीच मदत केली, आणि बंद करून चालू करून पाहण्याची आठवण करून दिली.

हे सगळं झाल्यावर फाटकावरच्या रखवालदाराने भाऊला अडवलं. पेटी बाहेर न्यायला परवानगी लागते. परवानगी मिळायला ती आत आल्याची नोंद लागते. सकाळी भाऊ तिला छातीशी धरून आला तेव्हा नोंद कुणी केली नव्हती.

"म्हणजे ती आत आलीच नाही," रखवालदार म्हणाला.

"मग माझ्या हातात काय आहे?"

"कचेरीचा माल."

"अहो, यात माझ्या बाबांची गाणी आहेत."

"सगळे असंच काहीतरी सांगतात," रखवालदार सहानुभूतीने म्हणाला. शेवटी त्यानेच मार्ग काढला. कचेरीतून नोंदीशिवाय एकच प्रकारचा माल बाहेर जाऊ शकत होता: भंगार. त्याने पेटीच्या पाठीवर तांबड्या रंगाने मोठी फुली मारली, खाली 'निकामी' असं लिहिलं आणि भाऊला सलाम केला. बसमध्ये लोक ती अक्षरं वाचत आणि मग भाऊच्या चेहऱ्याकडे बघत. भाऊ एवढा थकला होता की त्याने पेटी वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

घरी आल्यावर त्याने चहाला नको म्हटलं. बायको घाबरली. पण भाऊला आता हे संपवायचं होतं. पेटी कोपऱ्यात लावली, तो टेबलामागे जमिनीवर फतकल मारून बसला, वायर खाचेत घातली आणि जरा वर उचलून धरली. बायकोने, यावेळी इंजिनीअरांच्या सूचनेनुसार, दार सोडून खरी गाणी उचलली आणि प्लेअरमध्ये सोडली. इंजिनीअर दारातच उभे होते. राग विसरून आले होते, कारण असली गोष्ट चुकवणं त्यांना शक्य नव्हतं.

"हलू नका!" ते म्हणाले.

"हात बदलला तर चालेल का?" भाऊने विचारलं.

"बघा, आकडा थांबला! हलू नका म्हटलं ना!"

मास्तरीणबाई येऊन कोपराखाली उशी द्या म्हणाल्या. आई म्हणाली, "त्याला सांगू नका, त्याला सवय आहे." भाऊच्या खांद्यातून कळ निघाली, पाठीला घाम फुटला, नाकाच्या शेंड्यावर माशी बसली आणि तिथेच राहिली. बाबा पलंगावरून, पाय लांब करून, हे सगळं बघत होते. त्यांनी मध्येच बोट ओठांवर ठेवलं आणि सगळ्यांना गप्प केलं. खोलीत आवाज होऊ नये याची आता खरं तर काही गरज नव्हती, पण सगळे गप्प बसले. शेवटचं गाणं गेलं तेव्हा भाऊला हात खाली आणायला बायकोची मदत लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलऱ्यांत कुणी नव्हतं. लोकांचा उत्साह संपला होता. भाऊने गॅलरीत खुर्ची लावली, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि बाबांना तेवढं लिफ्टने खाली सोडून यायचं म्हणून उतरला. प्लेअर बाबांच्या खिशात ठेवला, उजव्या कानात बोंडूक घातलं. गाणं सुरू झालं. बाबांचा चेहरा सैल पडला. त्यांनी पाऊल टाकलं आणि वायरचं दुसरं, रिकामं बोंडूक खाली लोंबून काठीत अडकलं.

"हे बघ, पाडशील मला," बाबा म्हणाले. "धर ती वायर."

भाऊने ती सोडवली आणि हातात धरली. वायर आखूड. ती धरायची म्हणजे बाबांच्या खांद्याला खांदा लावून चालणं आलं. "आज धरतो बाबा, उद्या पिन लावून देईन सदऱ्याला."

"नुसता काय धरतोस? घाल कानात. फुकट वाजतंय."

भाऊने वर पाहिलं. चहाचा कप कठड्यावर आलेला दिसत होता, वाफ दिसत होती. त्याने सुस्कारा टाकला आणि बोंडूक कानात घातलं.

दोघं निघाले. खरखर होती, मागे कुठेतरी भांडं पडलं, कुणी खोकलं. भिंतीचा रंग आला आणि गेला, बाबा थांबले नाहीत. पहिलं कडवं झालं. पाणी आलं. बाबांनी काठीचा हात जरा उचलून "आलो आलो" म्हटलं आणि दुसरं कडवं लागलं. फाटक आलं. पडल्यापासून फाटकापर्यंत बाबा कधी पोहोचलेच नव्हते. गाणं तिथेच संपलं.

बाबांनी फाटकाचा गज धरला. ते धापा टाकत होते, कपाळावर घाम होता. वळून त्यांनी लिफ्टपर्यंतचं अंतर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नाही जमायचं रे," ते म्हणाले. "दुखतोय फार. कुणाला तरी सांग, खुर्ची आणा म्हणावं." खुर्ची हा शब्द त्यांनी आजवर स्वतःच्या तोंडाने कधी उच्चारला नव्हता. थकलेल्या माणसाला चल म्हणायला लागणारी ताकद त्याच्यापाशीही उरलेली नव्हती.

कानात नुसती खरखर चालू होती. दोन गाण्यांच्या मधली, बाबांनी टेप न थांबवलेली. आणि त्या खरखरीत, अगदी जवळून, एक बारीक, रडवेला आवाज आला.

"बाबा, हात दुखतोय. सोडू वायर?"

भाऊ दचकला. त्याला हे आठवत नव्हतं. मागोमाग दुसरा आवाज आला. तरुण माणसाचा, दबका, ओठांवर बोट ठेवून बोलल्यासारखा.

"दुखणारच रे राजा. अजून एकच गाणं. मी आहे ना इथे."

दोघं फाटकाशी उभे राहिले. भाऊचे डोळे भरून आले आणि ते बाबांना दिसू नयेत म्हणून त्याने रस्त्याकडे बघितल्यासारखं केलं. बाबांनी मात्र सरळ त्याच्या हाताकडे पाहिलं, वायर धरलेल्या.

"सोडली होतीस का रे तेव्हा?"

"नाही," भाऊ म्हणाला.

बाबांनी गज सोडला. काठी पुढे टेकली.

"मग चल. एकच गाणं."

कानात पुढचं गाणं लागलं. वर कठड्यावर चहा गार होत होता. भाऊने बाबांना ओढ बसणार नाही इतपत वायर सैल केली आणि त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकलं.